निम्मा मध माश्यांचा

मैत्रिणींनो, माहितीपटात खरी माणसं आपलं खरं जगणं दाखवतात. आज आम्ही २०१९ सालच्या ‘हनीलँड’बद्दल सांगतो आहोत. उत्तर मॅसेडोनियातल्या ओस पडलेल्या गावात हातिजे मुरातोवा अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळतात, मधमाश्या पाळतात. निम्माच मध काढायचा, निम्मा माश्यांना ठेवायचा, हा त्यांचा नेम. नवा शेजारी मात्र व्यापाऱ्याच्या तगाद्यामुळे माश्यांसाठी काही ठेवत नाही. मग त्याच्या उपाशी माश्या हातिजेंच्या पोळ्यांवर तुटून पडतात. चित्रीकरण करणाऱ्यांना त्यांची तुर्की बोली येत नव्हती. तरी ३ वर्षं ते येत राहिले, चेहऱ्यांवरून समजून घेत राहिले. एकाच्या हावेची किंमत शेजारणीला मोजावी लागते, हे आपल्या विहिरीच्या पाण्यालाही लागू आहे. बचत गटात मिळून पाहा आणि त्यावर बोला.