फिरत्या घराचा जनरेटर कुठे ठेवावा?

पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढून न्यायचे चाकांवरचे घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, अमेरिका आणि कॅनडात सर्रास दिसते. मुक्कामाच्या जागी विजेची जोडणी असली की त्यातला एसी, मायक्रोवेव्ह, सारे काही चालते. जंगलात किंवा वाळवंटात ती नसते. तिथे दिवे आणि पाण्याचा पंप बॅटरीवर भागतात, पण साधी बॅटरी एसीला पुरत नाही. त्यासाठी पेट्रोलवर चालणारा जनरेटर लागतो. मोठ्या मोटरहोममध्ये तो बहुधा कारखान्यातूनच बसवून येतो. ट्रेलरच्या मालकाला मात्र बहुतेक वेळा तो वेगळा घ्यावा लागतो आणि ठेवायची जागाही स्वतःच ठरवावी लागते.

ती जागा आधी वजनावर ठरते. होंडाचा ईयू२२००आय हा लोकप्रिय इन्व्हर्टर जनरेटर सुमारे २१ किलोचा असून सलग १,८०० वॉट देतो. एका माणसाला तो सहज उचलता येतो. पण ट्रेलरवरचा १३,५०० बीटीयूचा, म्हणजे सव्वा टनाच्या जरा आतला, एसी सुरू होताना क्षणभर याहून बरीच जास्त वीज मागतो. मग असे दोन जनरेटर जोडून चालवतात, एसीला सुरुवातीचा झटका कमी करणारे उपकरण बसवतात, किंवा ३,००० वॉटचा मोठा जनरेटर घेतात. तो साठ किलोच्या आसपास जातो आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

ट्रेलरच्या मागच्या बंपरवर भरपूर जागा मोकळी दिसते, म्हणून पहिला विचार तिथलाच होतो. हा बंपर बहुधा चार इंची पोकळ चौकोनी नळीचा असतो. पत्रा पातळ, आणि चासीला तो टोकांशी वेल्ड केलेला. सांडपाण्याचा पाइप ठेवायला आणि फार तर स्टेपनी टांगायला तो पुरतो. खड्ड्यातून जाताना ट्रेलरचे मागचे टोक जोराने उसळते, आणि दर दणक्याला टांगलेले वजन आपल्या कितीतरी पट ताण देते. वेल्डिंगला तडा जाऊन बंपर सामानासकट रस्त्यावर पडू शकतो.

बंपर मजबूत केला तरी दुसरा धोका राहतोच, आणि तो जास्त गंभीर आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे ट्रकच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर, पडावा लागतो. तो कमी झाला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोल खाऊ लागतो आणि ट्रकलाही ओढून नेतो. समजा ट्रेलर २,००० किलोचा आहे आणि हिचवर २२० किलो भार आहे, म्हणजे ११ टक्के. एक्सलपासून हिच ५ मीटर पुढे आहे. आता एक्सलच्या ४ मीटर मागे, कॅरिअरसह ८० किलोचा जनरेटर बसवला, तर तरफेच्या नियमाने हिचवरचे ६४ किलो उचलले जातात. उरतात १५६ किलो, नव्या वजनाच्या जेमतेम साडेसात टक्के. म्हणून मागे बसवायचाच असेल तर कॅरिअरची जोडणी थेट चासीच्या दोन मुख्य पट्ट्यांना करावी, जड सामान आत पुढच्या बाजूला हलवावे आणि हिचवरचा भार नव्याने तोलून पाहावा. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाऊ नये, हेही ओघाने आलेच.

ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर जनरेटर ठेवला की हिशेब उलटा होतो. तेच ८० किलो एक्सलच्या साडेचार मीटर पुढे ठेवले तर हिचवर ७२ किलो वाढतात. झोल जाण्याची भीती कमी होते, पण हिचची आणि ट्रकची वहनक्षमता पुरेल का ते पाहावे लागते. शिवाय इथे प्रोपेनचे सिलिंडर आणि बॅटरी असतात. जनरेटर वाहून न्यायला ही जागा चालते. सिलिंडरला खेटून तो सुरू करणे मात्र टाळलेच पाहिजे. अरुंद वळणावर ट्रकचा मागचा कोपरा त्याला लागत नाही ना, हे उभ्या जागी ट्रक वळवून आधीच तपासावे.

यातली सर्वांत निर्धोक जागा ट्रकचा उघडा हौदा हीच. वजन ट्रकच्या चाकांवर जाते आणि ट्रेलरचा तोल फारसा बिघडत नाही. जनरेटर उभाच ठेवून पट्ट्यांनी आवळावा. आडवा पडला तर तेल नको तिथे शिरते. प्रवासात टाकीच्या झाकणाची हवेची वाट आणि पेट्रोलची कळ बंद ठेवावी. पेट्रोलचा डबा भरताना हौद्यातून उतरवून जमिनीवर ठेवावा, नाहीतर स्थिर विजेच्या ठिणगीने भडका उडू शकतो. पेट्रोल भरलेला जनरेटर ट्रेलरच्या आत कधीच नेऊ नये, कारण तिथे गॅसवरचा फ्रिज आणि गीझर असतो.

कायम बसवायचा असेल तर जनरेटरच्या पायांखाली रबरी गाद्या आणि बोल्टना लॉकनट हवेत. चासीच्या वरच्या-खालच्या कडांना भोके पाडली तर ती कमजोर होते. त्याऐवजी यू-बोल्टने आवळलेली पट्टी बरी. चोरीपासून जाड साखळी लागतेच. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर प्रत्येक नट पान्याने पुन्हा तपासावा.

मुक्कामी पोचल्यावर जनरेटर उतरवून दूर नेता येणे हा हौद्याचा आणखी एक फायदा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही. खिडक्या-दारांपासून किमान २० फूट अंतर आणि धुराचे तोंड घराच्या उलट बाजूला, एवढे पाळावेच लागते. ट्रेलरमधला कार्बन मोनॉक्साइडचा सूचक चालू असायला हवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलहून जास्त आवाज चालत नाही. उंचीवर दर हजार फुटांमागे जनरेटरची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते, त्यामुळे रॉकी पर्वतात आठ हजार फुटांवर तो आपल्या क्षमतेच्या पाऊण भागापेक्षा थोडी कमीच वीज देतो.