पाच रुपयांच्या वायसरसाठी कोणी येत नाही

२०२४ साली ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात जाहीर झाली, आणि मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षीचे सल्ले फिरू लागले. दात घासताना नळ बंद ठेवा. गाडी धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. गळका नळ लगेच दुरुस्त करून घ्या. पहिल्या दोन सल्ल्यांना फक्त मनाची तयारी लागते. तिसऱ्याला प्लंबर लागतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

‘अर्ध्या इंची नळाचा वायसर बदलायचाय’ असं एखाद्या प्लंबरला फोनवर सांगून बघा. तो नाही म्हणत नाही. ‘उद्या येतो’ म्हणतो. उद्याचा परवा होतो, परव्याचा रविवार. आलाच, तर नळावर एक नजर टाकून निकाल देतो, ‘ताई, याचा पार्ट आता मिळत नाही. नवीनच बसवून घ्या.’ त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पाच-दहा रुपयांच्या रबरासाठी तो अर्धं उपनगर पार करून येणार, गच्चीच्या किल्लीसाठी वॉचमनला शोधणार, व्हॉल्व्ह बंद करणार, आणि मग मजुरी मागणार किती? शंभर-दोनशे मागितले तरी ‘एवढ्याशा रबराचे?’ हे ऐकून घ्यावं लागतं. नवा नळ बसवला की त्याची खेप वसूल होते. आपणही हजार रुपयांचा नळ कुरकुर न करता घेतो आणि दोनशे रुपयांच्या मजुरीवर घासाघीस करतो.

ही अडचण नेमकी ओळखणारा माणूस मीरा रोडला राहतो. त्याचा व्यवसाय मात्र लेखकाचा आणि चित्रकाराचा. आबिद सुरती. ‘धर्मयुग’ हे हिंदी साप्ताहिक घरी येत असे त्या पिढीला त्यांच्या व्यंगचित्रांतला ढब्बूजी आठवेल. इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्यांना १९७६ साली आलेला ‘बहादुर’. लहानपण डोंगरीत गेलं. पहाटे चारला उठून बादलीभर पाण्यासाठी रांगेत उभी राहणारी आई त्यांच्या मुलाखतींत हटकून येते. पुढे एका मित्राच्या घरी नळ ठिबकताना दिसला, तेव्हा त्यांनी विचारलं आणि उत्तर मिळालं ते तुमच्या-आमच्या घरातलंच होतं: एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही.

२००७ मध्ये सुरतींनी ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केलं. भांडवल म्हणून उत्तर प्रदेशातल्या हिंदी संस्थेकडून मिळालेले पुरस्काराचे एक लाख रुपये होते. पद्धत साधी. आधी सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी घ्यायची, इमारतीत भित्तिपत्रक लावायचं, आणि रविवारी सकाळी एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका सोबत घेऊन दारोदार जायचं. स्वयंसेविका का, हे मुंबईकराला सांगायला नको. अनोळखी दोन पुरुषांना कोणी स्वयंपाकघरापर्यंत येऊ देत नाही. घरात गळका नळ असेल तर तो फुकटात दुरुस्त, नसेल तर नमस्कार करून पुढचं दार.

पहिल्या वर्षी १,६६६ घरं, ४१४ नळ आणि ४.१४ लाख लिटर पाण्याची बचत, असा संस्थेचा हिशेब आहे. इथे जरा थांबायला हवं. भागाकार केला तर नळामागे बरोब्बर हजार लिटर येतात. म्हणजे हे पाणी मोजलेलं नाही, ‘सेकंदाला एक थेंब म्हणजे महिन्याला हजार लिटर’ या प्रचलित सूत्राने काढलेलं आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या हिशेबात नळाचा एक थेंब पाव मिलिलिटरचा असतो. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे २१.६ लिटर, महिन्याला साधारण ६५० लिटर. हजाराचं सूत्र फुगलेलं आहे. पण मौज अशी, की सुरतींच्या हिशेबात प्रत्येक नळाची एकाच महिन्याची बचत धरलेली दिसते. दुरुस्त झालेला नळ पुढेही गळत नाही. वर्षाचा हिशेब केला तर त्यांचा आकडा कमीच पडेल.

आता तोच हिशेब शहराला लावू. मुंबईत असे दहा लाख नळ ठिबकत आहेत असं घटकाभर धरलं, तरी दिवसाला सव्वादोन कोटी लिटरही होत नाहीत. शहराचा रोजचा पुरवठा सुमारे ३८५ कोटी लिटर, त्यातली दहा टक्के कपात म्हणजे साडेअडतीस कोटी. म्हणजे दहा लाख नळ दुरुस्त करून कपातीचा जेमतेम अठरावा हिस्सा भरून निघेल. जमिनीखालच्या जलवाहिन्यांतली गळती आणि चोरी यांतच पुरवठ्याचा चौथा ते तिसरा हिस्सा जातो, हे वर्षानुवर्षं छापून येतंय. त्यामुळे नागरिकांच्या नळाकडे बोट दाखवणाऱ्या आवाहनाने महापालिकेची जबाबदारी हलकी होत नाही.

मग नळ दुरुस्त करायचा कशाला? कारण इमारतीच्या पातळीवर हिशेब पालटतो. शंभर घरांत वीस नळ ठिबकत असतील तर दिवसाला ४३२ लिटर जातात. शासकीय निकष माणशी १३५ लिटरचा. म्हणजे तीन माणसांचं दिवसभराचं पाणी मोरीत जातं, तेही रात्रंदिवस, गच्चीच्या टाकीतून. कपातीच्या दिवसांत टाकी पहाटे रिकामी सापडते, तेव्हा टँकर मागवावा लागतो, आणि टँकरचं बिल हजारांत असतं.

तरीही वीस नळ गळत राहतात, याला कारण पैसा. मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत आहे. ठिबकणाऱ्या नळाचं महिन्याचं पाणी, मलनिःसारण आकार धरूनही, दहा-अकरा रुपयांच्या वर जात नाही. त्यात मीटर इमारतीला एकच. बिल सगळ्यांत वाटलं जातं. दहा रुपयांचं नुकसान शंभर घरांत वाटून घ्यायचं आणि ते थांबवायला एकट्याने दोनशे रुपये मोजायचे, हा व्यवहार कोण करेल? सुरतींची खरी हुशारी इथे आहे. त्यांनी उपदेशाचा डोस कमी ठेवला आणि प्लंबर दारात आणला.

नळाच्या पोटात

दोन-तीन फेरे फिरवावा लागणारा पितळी नळ म्हणजे एकोणिसाव्या शतकाची देणगी. पेचाने दाबून बंद होणाऱ्या अशा नळाचं पेटंट इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याचं, १८४५ सालचं. आत स्पिंडल, त्याच्या टोकाला रबराचा वायसर. चावी फिरवली की वायसर खाली पितळी बैठकीवर दाबला जातो. रबर कडक झालं, की पाणी झिरपतं. मग आपण चावी आणखी आवळतो. त्याने बैठकीची कड रबरात रुतते आणि वायसर अधिकच कापला जातो. काढलेल्या जुन्या वायसरवर गोल खाच पडलेली दिसते. नखाने दाबला तर दबत नाही, आणि कडेला काळा चुरा बोटाला लागतो.

बदलायची रीत अवघड नाही. घरचा स्टॉप कॉक किंवा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाका, मोरीच्या जाळीवर फडकं टाका. चावीचा स्क्रू एवढासा असतो आणि तो तिथेच पडतो. चावी काढा, पान्याने वरचा भाग उलटा फिरवून सोडवा, वायसर बदला. त्याच वेळी आतल्या बैठकीवरून बोट फिरवा. कड खरबरीत लागली तर नवा वायसरही महिन्या-दोन महिन्यांत जाणार. बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत हे फार दिसतं. बसवताना स्पिंडल उघडलेल्या स्थितीत ठेवा, नाहीतर आवळताना नवा वायसर तिथेच चेंगरतो. पाणी तोटीतून न येता चावीखालून येत असेल, तर दोष वायसरचा नाही, तिथल्या पॅकिंगचा किंवा रिंगचा आहे.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत रबराच्या जागी सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. चालतात तोवर उत्तम. पण रेतीचा कण आत गेला की चकती ओरखडते, आणि मग कितीही आवळून उपयोग नाही. अख्खं कार्टरिज बदलावं लागतं. इथे ग्राहकाची कोंडी होते. जुना पितळी नळ आयएस ७८१ या भारतीय मानकाखाली येतो, त्यामुळे त्याचा वायसर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. कार्टरिजची उंची, दाते आणि फिरण्याची दिशा कंपनीगणिक वेगळी. म्हणून दुकानात जाताना जुनं कार्टरिज खिशात हवंच. ‘पार्ट मिळत नाही’ हे वाक्य अशा नळांच्या बाबतीत पुष्कळदा खरं असतं. नवा नळ घेताना चकाकी पाहण्याआधी ‘याचं कार्टरिज सुटं मिळतं का?’ एवढं विचारा. दुकानदार अडखळला तर तो नळ घेऊ नका.

नळच बदलायचा तो अंगाला चीर गेली, बैठक पार खाल्ली गेली किंवा आटे झिजले, तरच. आणि इमारत जुनी, पाइप लोखंडी असेल, तर हे काम स्वतः करू नका. गंजलेला तुकडा भिंतीतच मोडला, तर वायसरचं काम टाइल फोडण्यावर जातं.

नळाची टपटप ऐकू तरी येते. फ्लशच्या टाकीतली गळती आवाजही करत नाही आणि पाणी मात्र बरंच अधिक नेते. टाकीत खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यात रंग उतरला, तर टाकीचं रबर गेलं.

ठराव कोण मांडणार?

घरोघरी मीटर बसतील तेव्हा बसतील. तोवर सोसायट्यांनी सुरतींची पद्धत उचलावी. वर्षातून एक रविवार, एक प्लंबर, घाऊक भावाने आणलेले वायसर, आणि खर्च देखभाल निधीतून. प्लंबरला दिवसाची पूर्ण मजुरी मिळेल, व्हॉल्व्ह एकदाच बंद करावा लागेल, आणि कोणालाही दोनशे रुपयांवरून वाद घालावा लागणार नाही. एक टँकर वाचला तरी निम्मा-अधिक खर्च सुटेल. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला. फक्त तो पार्किंगच्या आधी घ्या. पार्किंगनंतर पाण्यावर बोलायला कोणी जागेवर उरत नाही.