परसबागेचा आराखडा मोबाईलवर. पण पंचांग आपलंच हवं!

परसात चार आळी असावीत, भाजीत घालायला हात पुढे केला की कोथिंबीर मिळावी, ही हौस आपल्यापैकी बहुतेकींना असतेच. परस राहिलं नसेल तर गच्ची असते, गच्ची नसेल तर गॅलरी. आणि आता या हौसेच्या जोडीला मोबाईल आलाय! ‘भाजीपाल्याची बाग’ एवढे शब्द घालायचा अवकाश, की कितीतरी वेबसाइट आणि ॲप हजर. जागेचं माप द्या, वाफे आखून देतो; भाज्या निवडा, कधी पेरायच्या ते सांगतो. चित्रंही अशी गोजिरवाणी, की टोमॅटो तोडून पदरात घ्यावा!

मैत्रिणींनो, ही साधनं वाईट आहेत असं मुळीच नाही. पण साडी घेताना आपण ती उजेडात नेऊन, पदर उलगडून पाहतोच ना? तशी हीही पारखून घ्यावी लागतात. कारण निवड फसली तर वर्गणीचे पैसे जातातच, वर हंगाम जातो, आणि तो पुन्हा वर्षानंच येतो.

सगळ्यात आधी पाहायचं ते त्या साधनाचं पंचांग. यातली बरीचशी साधनं इंग्लंड-अमेरिकेत तयार झालेली. ‘ग्रोव्हेज’ हे त्यातलं नावाजलेलं. ‘ओल्ड फार्मर्स अल्मनॅक’ हे १७९२ पासून निघणारं अमेरिकेतलं पंचांगवजा पुस्तक, त्याच्याही नावाचं एक आहे. तिकडं बागेचं सगळं गणित चालतं ते ‘फ्रॉस्ट’वर, म्हणजे रात्रीतून झाडापानांवर धरणाऱ्या बर्फाच्या थरावर. हिवाळा सरताना शेवटचा थर कधी पडतो, ते कळलं की पेरणीच्या तारखा ठरल्या. आपल्याकडं महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या थंडीत दव गोठलं, तर वर्तमानपत्रात फोटो येतो! मग साताऱ्यात राहणाऱ्या माझ्यासारखीनं या प्रश्नाला उत्तर तरी काय द्यायचं? तिकडच्या थंड भागात टोमॅटोची रोपं मे महिन्याच्या सुमारास बाहेर लावतात. आपल्या मे महिन्यात टोमॅटोची फुलं उन्हानं गळून पडतात.

अमेरिकेतल्या साधनांत ‘झोन’ही विचारतात. त्यांच्या शेतीखात्यानं हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून देशाचे १३ पट्टे पाडलेत. २०२३ मध्ये तो नकाशा नव्यानं काढला. त्यात पावसाचा हिशेबच नाही, आणि आपला सगळा कारभार तर पावसावर! भेंडी, गवार, दोडका, कारलं जून-जुलैत लावायचं आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत. कोबी-फ्लॉवरची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात, वाटाणा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणून माझ्या मते साधन निवडताना एकच प्रश्न खरा महत्त्वाचा: ‘तुमच्या तारखा खोडून मला माझ्या घालता येतील का?’ येत असतील तर पुढं बोलू. नसतील, तर चित्रं कितीही सुंदर असोत, आपल्या उपयोगाचं नाही. ‘ग्रोव्हेज’ सात दिवस फुकट वापरून पाहता येतं. त्या सात दिवसांत रंगीत वाफे काढत बसण्यापेक्षा हे तपासावं.

आपल्या तारखा मिळवायच्या कुठून? राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आपल्या राज्यात आहेत. त्यांच्या शिफारशी मराठीत मिळतात. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारायला संकोच करू नका. तिथं नुसते शेतकरीच जातात असं थोडंच आहे? शिवाय हवामान खात्याचं ‘मेघदूत’ हे ॲप २०१९ मध्ये निघालं. त्यात आपल्या जिल्ह्याचा अंदाज आणि शेतीचा सल्ला मराठीत येतो. त्यावर वाफे आखता येत नाहीत खरे, पण उद्या पाऊस आहे की नाही ते कळलं तर बियाणं वाहून जात नाही.

दुसरी परीक्षा मला सासूबाईंनी शिकवली. मी हौसेनं एक ॲप त्यांना दाखवत होते. चष्मा लावून यादी वरखाली पाहिली आणि म्हणाल्या, “यात अळू कुठंय गं?” अळू नव्हतंच. अंबाडी, चुका, तोंडलीही नव्हती. मेथी होती, पण मसाल्याच्या रोपासारखी, दोन रोपांत वीतभर अंतर सोडून! आपण मेथी मुठीनं दाट फेकतो आणि महिन्याभरात मुळासकट उपटतो. तेव्हा घरात हमखास लागणाऱ्या पाच भाज्या आधी शोधा. सापडल्या नाहीत, तर नवीन नाव आणि अंतर आपल्याला घालता येतं का ते बघा.

आता गच्चीवाल्यांनी जरा इकडं लक्ष द्या. पडद्यावर वाफा ओढून मोठा करायला काहीच लागत नाही. पण एक घनफूट ओल्या मातीचं वजन ४५ ते ५० किलो भरतं. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि फूटभर खोल एवढासा वाफा. मातीच साडेपाचशे-सहाशे किलो झाली! हे ओझं आपल्या स्लॅबला पेलेल का, ते परदेशातल्या साधनाला कुठून कळणार? ते इंजिनियरला विचारायचं, सोसायटीत असाल तर कमिटीलाही. काळ्या मातीऐवजी कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं खत जास्त घातलं की भार पुष्कळ हलका होतो.

उन्हाचंही तसंच. उंच वेल उत्तरेला लावा, म्हणजे बुटक्या झाडांवर सावली पडणार नाही, असं ही साधनं सांगतात. थंडीत ते आपल्यालाही लागू आहे. पण सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. जूनच्या अखेरीला भरदुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो! त्यापेक्षा खडू घ्या आणि सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला सावलीची कड फरशीवर आखा. डिसेंबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा.

मग या साधनांत चांगलं काय? त्यांची आठवण! टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली भावंडं. एकाच मातीत ती पाठोपाठ लावली की रोग आणि कीड मुक्कामालाच राहते. गेल्या वर्षी कुठल्या वाफ्यात काय होतं, ते चांगलं साधन लक्षात ठेवतं आणि तीच जागा निवडली तर बजावतं. घर, मुलं, पाहुणे, सणवार सांभाळताना एवढं आपल्या ध्यानात राहणं कठीणच. दहा-बारा वाफे असतील तर यासाठी पैसे मोजायला हरकत नाही. मात्र फुकट मुदतीतच कार्डाचा नंबर मागितला, तर वर्गणी आपोआप कधी कापली जाणार ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. रक्कम डॉलरमध्ये असेल, तर आधी रुपये करून पाहा.

पाच-सहाच कुंड्या असतील तर? मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे एक फूट. मेल बार्थोलोम्यू या अमेरिकन गृहस्थांनी १९८१ मध्ये पुस्तक लिहून चौरस फुटाची जी पद्धत लोकप्रिय केली, तीच इथं चालते: एका चौकटीत मुळे सोळा, पालकाची रोपं नऊ, टोमॅटोचं एकच. पानाच्या कोपऱ्यात तारीख टाका आणि दर हंगामाला नवं पान घ्या. जुनी पानं फाडू नका, पुढच्या वर्षी मिरची कुठं लावायची नाही ते त्यांतच सापडेल.