यवतमाळात एक पान, मुंबईत दीड!

यवतमाळ जिल्ह्यात तालुके १६. त्यांची नावं एकाखाली एक टाइप करा आणि कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक मराठी फॉन्टमध्ये बघा. आर्णीचा रफार, दिग्रसचा ग्र, दारव्ह्याचा व्ह आणि यवतमाळ, कळंब, केळापूर, राळेगाव, बाभुळगाव या पाच नावांतला ळ! कुठला फॉन्ट मराठीच्या कामाचा, हे दोन मिनिटांत कळतं.

फाइलमध्ये फॉन्ट नसतोच
वर्डच्या साध्या फाइलमध्ये असतं ते फक्त फॉन्टचं नाव. घाटंजीत ‘कोकिला’मध्ये बसवलेला एकपानी अर्ज मुंबईत उघडला, की तिथला कॉम्प्युटर ते नाव शोधतो, सापडलं नाही तर मुकाट्याने दुसरा फॉन्ट लावतो. अक्षरांची रुंदी बदलली की ओळी वेगळ्या जागी तुटतात, तक्त्याचे रकाने फुगतात आणि ‘आपला नम्र’ एकटाच दुसऱ्या पानावर जाऊन बसतो. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. त्यामुळे ओळीच्या उंचीतही फॉन्टागणिक मोठा फरक पडतो.

कोकिला गेली कुठे?
कोकिला, उत्साह आणि अपराजिता हे तीन फॉन्ट विंडोज ७ बरोबर आले. विंडोज १० मध्ये त्यांची आणि जुन्या ‘मंगल’चीही रवानगी ऐच्छिक पुरवणीत झाली. नव्या मशीनवर देवनागरीसाठी आधी भेटते ती ‘निर्मला’. कोकिला अंगाने बारीक, निर्मला भरदार; साइज १४ च ठेवली तरी मजकूर वाढतो. दीड पानाचं गुपित बऱ्याचदा इथेच असतं. सेटिंग्जमधल्या ऐच्छिक सुविधांतून देवनागरीचे पुरवणी फॉन्ट घेता येतात, तेही फुकट.

‘मंगल’ घडवला तो अक्षरकलेतले दिग्गज र. कृ. जोशी यांनी. विंडोज २००० बरोबर तो घरोघरी पोचला. आपण रोज वाचलेल्या अक्षरांमागे एक मराठी हात आहे, हे शाळेत सांगायला हवं.

‘विदर्भ’ची चीरफाड
कागदावर तीन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरच्या पोटात मात्र सहा खुणा असतात: व, वेलांटी, द, र, हलन्त, भ. वेलांटी साठवली जाते व नंतर, दिसते व च्या आधी. र साठवला जातो भ च्या आधी, दिसतो भ च्या डोक्यावर. ही सगळी हलवाहलव अक्षरजुळणीचा प्रोग्राम आणि फॉन्ट मिळून क्षणात करतात. यांतलं काही बिघडलं की वेलांटी भलतीकडे जाते, रफाराचा सुटा ‘र्’ होतो, कधी ठिपक्यांचं एक वर्तुळही उगवतं. ते वर्तुळ म्हणजे ‘या मात्रेला तिचं अक्षर सापडलेलं नाही’ अशी कॉम्प्युटरची तक्रार.

जोडाक्षरांचंही तसंच. ‘पट्टा’ एका फॉन्टमध्ये ट खाली ट असा उभा जुळतो, दुसऱ्यात पाय मोडून आडवा पसरतो. रोमन लिपीत लिबरेशनसारखे फॉन्ट एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या रुंदीशी अक्षराअक्षराला जुळवून केलेले आहेत. फॉन्ट बदलला तरी ओळ तिथेच तुटते. देवनागरीत असं जुळवायचं तर प्रत्येक जोडाक्षर जुळवावं लागेल.

‘शेतकऱ्यांचा’ हा खरा पेपर
या कापसाच्या जिल्ह्यात सर्वात जास्त लिहिला जाणारा शब्द बहुधा हाच असेल. त्यातल्या अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये ऱ ही स्वतंत्र खूण आहे. साधा र आणि एक अदृश्य जोडखूण वापरूनही तो काढता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर कॉम्प्युटर ‘सापडला नाही’ म्हणू शकतो. शिवाय अर्धवट मराठी येणारा फॉन्ट ‘शेतकर्‍यांचा’चा ‘शेतकर्यांचा’ करून टाकतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा फरक मराठीला सोडता येत नाही.

ल आणि ॲ
हिंदी वळणाचा ल वेगळा, मराठी पाकळीचा वेगळा. राज्य शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये वर्णमालेचे निर्णय काढून मराठी वळण ठरवून दिलं आहे. गंमत अशी, की दोन्ही ‘ल’ची युनिकोड खूण एकच! अनेक आधुनिक फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की पाकळीचा ल बाहेर येतो, ‘हिंदी’ राहिली तर दुसरा. ‘टिरो देवनागरी’ने तर हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच काढले.

ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टांत ‘ॲड.’ लिहिलं की वकिलांच्या नावाआधी रिकामा चौकोन!

‘कर्व्ह करून पाठव’
लग्नपत्रिका करणारा डीटीपी ऑपरेटर प्रेसला कोरल ड्रॉची फाइल पाठवताना हमखास कंट्रोल-क्यू दाबतो. अक्षरांचे आकार होतात, फॉन्टची गरजच संपते. पत्रिका सगळीकडे सारखीच दिसते, पण वराच्या मामांचं नाव चुकलं असेल तर ते खोडून नव्याने टाइप करावं लागतं.

पीडीएफ हा त्याहून शहाणा मार्ग, कारण तिच्या पोटात फॉन्ट भरता येतो. जतन करायच्या कागदपत्रांसाठी २००५ मध्ये ठरलेल्या पीडीएफ-ए मानकात तर दिसणारा प्रत्येक फॉन्ट आत असणं सक्तीचं आहे. वर्डमध्येही ‘सेव्ह’च्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्ये भरण्याची सोय आहे, फक्त त्या फॉन्टच्या परवान्याने तशी मुभा द्यायला हवी.

१९७३ आणि २०१९
यवतमाळला साहित्य संमेलन दोनदा भरलं. १९७३ मध्ये अध्यक्ष ग. दि. माडगूळकर, २०१९ मध्ये अरुणा ढेरे. पहिल्याच्या काळी छपाई मुख्यतः शिशाच्या खिळ्यांवर चाले. फर्मा आवळला की अक्षर हलायचं नाही. या दोन संमेलनांच्या मधल्या काळात, नव्वदच्या दशकात, जुन्या पद्धतीचे फॉन्ट आले. त्यांत मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले होते. फॉन्ट नाही तर मजकूरही नाही, नुसती रोमन खिचडी. त्यांच्यापासून केलेल्या पीडीएफमध्ये ‘यवतमाळ’ डोळ्यांना दिसतं, पण शोधल्यावर बहुधा सापडत नाही.

तुमच्या वाचनालयाच्या, शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या कपाटात त्या काळातल्या स्मरणिका आणि अहवालांच्या सीडी असतील. तो फॉन्ट असलेला कॉम्प्युटर आणि तो ओळखणारा ऑपरेटर अजून गावात आहे, तोवर त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्या. तयार मॅटरचं प्रूफ मात्र माणसाकडूनच वाचून घ्या. रूपांतरात पहिले घोटाळे रफार आणि जोडाक्षरांचेच होतात.