सुफळ संपूर्ण कोणासाठी?

परीकथा म्हणजे लहान मुलांची करमणूक, असा आपला सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या कथा मोठ्या माणसांनी मोठ्यांनाही सांगितलेल्या होत्या. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी १८१२ साली आपला संग्रह प्रसिद्ध केला, त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. पुस्तक मुलांच्या हाती जाऊ लागले, तसे त्यातील टोचणारे भाग गुळगुळीत झाले.

अलीकडचे काही चित्रपट हेच टोचणारे भाग पुन्हा वर काढतात. हॉलिवुडच्या ‘मॅलेफिसंट’ (२०१४) मध्ये झोपलेली राजकन्या राजपुत्रामुळे जागी होत नाही. जिने शाप दिला तिच्याच मायेने जागी होते. पण आपल्याकडे हे काम त्याआधीच झाले आहे. माझी घरची भाषा कानडी आणि शाळेची मराठी असल्यामुळे त्यांपैकी दोन चित्रपट मला विशेष जवळचे वाटतात.

पहिला गिरीश कर्नाड यांचा ‘चेलुवी’ (१९९२). माथेरानला जन्मलेले कर्नाड कानडीचे नाटककार, आणि नायिका पुण्याची सोनाली कुलकर्णी. हा तिचा पहिला चित्रपट. मूळ कथा कर्नाटकातील लोककथा असून ए. के. रामानुजन यांच्यामुळे ती जगभर पोहोचली. अंगावर घागरभर पाणी ओतले की एका गरीब मुलीचे फुलझाड होते, आणि दुसरी घागर ओतली की ती पुन्हा माणूस होते. अट एकच : फुले हळुवार तोडायची, डहाळी मोडायची नाही. लग्नानंतर सासरच्या मुली खेळता खेळता फांद्या ओरबाडतात आणि ती अर्धवट खोड होऊन पडते. लोककथेत नवरा तिला शोधून काढतो, मोडके अवयव जुळवून पाणी ओततो आणि ती पूर्ववत होते. चित्रपटात रानच तोडले गेलेले असते. ती परत माणूस होत नाही. या चित्रपटाला पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परंतु मला तो झाडाइतकाच सुनेविषयीही वाटतो.

दुसरा अमोल पालेकर यांचा ‘पहेली’ (२००५). विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेवर त्याआधी मणि कौल यांनी १९७३ साली चित्रपट केला होता. व्यापाऱ्याचा मुलगा नव्या नवरीला सोडून पाच वर्षांसाठी धंद्याला जातो. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून सांगते, या नवऱ्याच्या वहीत बायकोच्या नावाचे खातेच नाही! एक भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. मात्र आधी नवरीला खरे सांगून निर्णय तिच्यावर सोपवते. तिचे मत विचारणारा पहिला जीव माणूस नसतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. देथांच्या कथेत भुताला कोंडून नदीत टाकतात, आणि मग नवरीला कोणीच काही विचारत नाही. ‘पहेली’त भूत नवऱ्याच्या देहात शिरते व तिच्यापाशी राहते.

म्हणजे कर्नाडांनी गोड शेवट कडू केला, तर पालेकरांनी कडू शेवट गोड केला. दोघांचा प्रश्न मात्र एकच आहे : त्या बाईला काय हवे होते?

हा प्रश्न आमच्या बुऱ्हाणपुरालाही परका नाही. बादशहाचे प्रेम आणि ताजमहाल, ही राजाराणीची गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक आहे. मुमताजमहल मात्र १६३१ साली बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात वारली. तेव्हा तिच्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती. तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला प्रथम पुरले. आग्र्याला नंतर नेले. ताजमहाल पाहणारे लाखो असतात, आहूखान्यात फारसे कोणी फिरकत नाही. गोष्टीचा गोड शेवट आग्र्याच्या वाट्याला आला, खरा शेवट आमच्या गावाकडे राहिला.

आपल्या कहाण्या ‘सुफळ संपूर्ण’ म्हणून संपतात. मोठ्यांसाठी पुन्हा सांगितलेली कथा त्या दोन शब्दांपाशी थांबते आणि विचारते : सुफळ कोणाला? वाचकांनी हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत, आणि शक्य झाल्यास घरातल्या आजीबरोबर पाहावेत. कथा तिला आधीच ठाऊक असेल. शेवट कसा हवा होता, हे मात्र तिला आजवर कोणी विचारले नसेल.