धूर, अग्नी आणि मँगेनीज

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याची चिठ्ठी आली. पट्टेदार लोहखडक म्हणजे आदिम समुद्राला चढलेला गंज, आणि गंज म्हणजे प्राणवायूचा पुरावा, असं आम्ही बोलून गेलो होतो. चिठ्ठीत एकच प्रश्न होता : प्राणवायूशिवाय गंज येतच नाही का? येतो. अनुमान शिकवण्यात ज्यांची हयात गेली, त्या आमच्यासारख्यांनी ही चूक करावी हे जरा लाजिरवाणंच.

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान चालतं, उलटं चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. या जादा अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. 'गंज आहे, म्हणून प्राणवायू होता' हे आमचं विधान त्या उलट्या अनुमानाच्याच जातीचं निघालं.

का ते पाहू. प्राणवायू नसलेल्या समुद्रात लोह विरघळलेल्या रूपात राहतं. त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की ते अविद्राव्य होऊन तळाशी बसतं. पण तो इलेक्ट्रॉन प्राणवायूनेच घ्यायला हवा असं कुठे आहे? सूर्यप्रकाशात लोहाचेच इलेक्ट्रॉन वापरून जगणारे जिवाणू १९९३ साली विडेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले. ते प्राणवायू सोडतही नाहीत, घेतही नाहीत. म्हणजे लोहाचा साक्षीदार फितूर!

मग मँगेनीजकडे वळावं लागतं. त्याचे इलेक्ट्रॉन काढणं लोहापेक्षा पुष्कळ कठीण, म्हणून लोह आधी बसतं आणि मँगेनीज पाण्यात रेंगाळतं. इतकंच नव्हे, तर मँगेनीजचं ऑक्साइड तयार झालं तरी भोवती विरघळलेलं लोह असेल तर ते त्याला पुन्हा विरघळवून टाकतं. त्यामुळे जिथे मँगेनीजचे जाड थर सापडतात तिथे पाण्यातलं लोह बहुतेक संपलेलं असणार.

असे थर दक्षिण आफ्रिकेच्या कलाहारी भागात हॉटाझेल इथे आहेत. (गावाचं नाव इंग्रजीत जरा भरभर उच्चारून पाहा, तिथलं हवामान कळेल.) सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीच्या त्या खडकांत लोहाचे पट्टे, मग हेमॅटाइटयुक्त बारीक थर, मग मँगेनीज, आणि पुन्हा उलट क्रमाने लोह, असा खेळ तीनदा झाला आहे. आपल्या गोव्यातलं लोहखनिजही पट्टेदार कुळातलंच. पण तिथे पाण्याने सिलिका धुऊन नेल्यामुळे मूळ पट्टे बऱ्याच ठिकाणी वाचता येत नाहीत.

आता इथे आणखी एक अडचण. हॉटाझेलला आज बरंचसं मँगेनीज कार्बोनेटच्या रूपात आहे. साक्षीदाराने वेष बदलला म्हणायचा. पण त्या कार्बोनेटमधला कार्बन हलका आहे, आणि असा कार्बन सेंद्रिय पदार्थांतून येतो. म्हणजे ऑक्साइड आधी तळाशी पडलं, गाळातल्या जिवाणूंनी सेंद्रिय पदार्थ कुजवताना ते वापरलं, आणि उरलेल्या मालमसाल्यातून कार्बोनेट झालं. आम्हाला विचाराल तर साऱ्या युक्तिवादातली ही सर्वांत देखणी पायरी.

पण व्याप्ती निर्दोष ठरली का? २०१९ मध्ये प्रकाशित झालेल्या प्रयोगांत, प्रकाश मिळालेल्या जिवाणूंच्या थरांनी प्राणवायूविना मँगेनीजचंही ऑक्साइड बनवलं. तेव्हा पुन्हा उपाधी शोधणं आलं. प्रयोगशाळेत जे घडू शकतं ते कलाहारीच्या समुद्रात एवढ्या प्रचंड प्रमाणावर घडलं असेल का, हा वेगळा प्रश्न. आमचा कल 'नाही'कडे आहे, कारण वातावरणात प्राणवायू वाढल्याच्या इतर खुणाही साधारण त्याच काळातल्या आहेत.

खरी कसोटी त्याहून जुन्या खडकांत लागते. मॉलिब्डेनमचे हलके अणू मँगेनीजच्या ऑक्साइडला अधिक चिकटतात. दक्षिण आफ्रिकेतल्याच पोंगोला इथल्या सुमारे २९५ कोटी वर्षांपूर्वीच्या लोहखडकांत, जिथे लोहाच्या मानाने मँगेनीज जास्त तिथे मॉलिब्डेनम हलकं, असं २०१४ मध्ये दाखवण्यात आलं. त्यावरून उथळ समुद्रात तेव्हाही थोडा प्राणवायू होता असं म्हणतात. तिथे मात्र २०१९चा आक्षेप पुरता लागू पडतो, आणि चिठ्ठीवाले गृहस्थ आज आले असतील तर तो त्यांनी जरूर घ्यावा.