मिशनऱ्याच्या घरातली चूल

मे महिना संपत आला की आमच्या महाबळेश्वरात बायकांची एकच धांदल उडते. पापड-सांडगे डब्यांत भरायचे, लाकडं-कोळसा आत घ्यायचा, गाद्यांना ऊन दाखवायचं. पावसाच्या झोडीपासून भिंती वाचाव्यात म्हणून घराभोवती गवताचे कुलुम बांधून घ्यायचे. एकदा पाऊस लागला की मीठसुद्धा बरणीत पाणी होतं आणि मुलांचे कपडे शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवावे लागतात.

परवा अशीच आवराआवर चालू असताना माझी मुलगी मागच्या पडवीतून एक कप घेऊन आली. कान तुटलेला, फुलाफुलांचा. "आई, हा फुटका कप टाकून देऊ?"

"नको गं, तो मावशींचा आहे," मी सहज म्हणून गेले. मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई.

"आपले सगळे कप त्याच घासतात ना? मग त्यांना निराळा कशाला?"

मी काही उत्तर दिलं नाही. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी शाळेत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'विषयी मुलींना मोठ्या तोंडाने सांगत होते!

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोरा साहेब, झगा घातलेली मडमीण आणि टुमदार बंगला येतो. त्यांच्या घरात रोज काय चालत असेल, याचा विचार आपण करत नाही. अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसं 1813 साली मुंबईला उतरली. त्यांतल्या गॉर्डन हॉल यांच्या पत्नी मार्गारेट 1825 साली दोन मुलग्यांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, आफ्रिकेला वळसा घालून महिनेच्या महिने जहाजात काढावे लागत. त्या प्रवासातच एक मुलगा गेला आणि पुढच्या वर्षी, 1826 च्या मार्चमध्ये, इकडे नवरा पटकीने गेला. त्या माउलीचा संसार दोन्हीकडून उद्ध्वस्त झाला.

आपल्या महाबळेश्वरचाही या मंडळींशी जुना संबंध आहे. 1818 साली आलेले अ‍ॅलन ग्रेव्हज प्रकृतीसाठी इथल्या हवेत येऊन राहिले आणि 1843 च्या डिसेंबरात इथेच वारले. त्यांची पत्नी मात्र त्यानंतरही या डोंगरावरच राहिली. आज चार महिन्यांच्या पावसात टी.व्ही. बंद पडला तर आपण वैतागतो. त्या काळी पावसाळ्यात सगळा डोंगर ओस पडे. त्या धुक्यात परक्या मुलखातल्या एकट्या बाईने दिवस कसे काढले असतील?

पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते घर आपल्याच माणसांचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं!

टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई जलालपूरच्या गोखल्यांच्या, कडक सोवळ्यात वाढलेल्या. नवरा धर्म सोडून गेला, पदरात लहान दत्तू. काही वर्षं त्यांनी माहेरच्या माणसांत, पंढरपूर-नाशिककडे काढली. मग त्या नवऱ्याकडे नगरला आल्या, पण स्वतःचा धर्म घेऊनच! चूल वेगळी, पाणी स्वतः भरायचं, कुणाच्या हातचं खायचं नाही. विशेष म्हणजे टिळकांनी ते चालू दिलं. एका मिशनऱ्याच्याच घरात सोवळ्याची चूल पेटत होती.

उन्हाळ्यात मिशनरी मंडळी महाबळेश्वरला येत. त्यांना मराठी शिकवण्यासाठी टिळकही येत, आणि लक्ष्मीबाईही त्यांच्याबरोबर इथे आल्या होत्या. घर सगळं ख्रिस्ती माणसांचं आणि त्यात ही एक बाई आपली घागर सांभाळत वावरणारी. पाणी दुरून आणण्याचं दुःख आपल्याला सांगायला नको.

याच काळात त्यांच्या मनात विचार सुरू झाला. माणसं निर्माण केली देवाने, मग या जाती केल्या कुणी? देवाने केल्या म्हणाव्यात, तर जनावरांत जसे शरीराचे निरनिराळे प्रकार दिसतात तसे माणसांत का दिसत नाहीत? हे कुणी उपदेश करून त्यांच्या गळी उतरवलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच ते उमगलं, आणि मग त्यांनी ठरवून टाकलं की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली घेतला. म्हणजे बघा, धर्म नंतर बदलला. सोवळं आधी सुटलं.

त्यापुढचा संसारही काही सोपा नव्हता. टिळक कवी, मोठ्या मनाचे आणि तितकेच तापट. हातात पैसा टिकायचा नाही, कुणी गरजू दिसला की गेलाच. घरात अनाथ मुलं, पाहुणे, आजारी माणसं यांचा राबता. आपल्याकडे न सांगता दोन पाहुणे आले तर भाताचा अंदाज चुकतो. त्यांच्या पंक्तीला रोज किती माणसं असतील याचा अंदाजच नसे! 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि आपल्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. घरच्या बाईच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे पहिल्या तारखेची वाट पाहणाऱ्या आपल्यालाच कळेल. 1919 साली टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पुढे नेलं. शाळेची पायरीही न चढलेल्या त्या बाईने!

धर्म कोणता बरा, हा माझा विषय नाही. आमच्या घरात गणपती बसतो, गौरी येतात, आणि त्या तशाच येत राहणार. मला विचार पडला तो त्या घागरीचा.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मी त्यांचा चहा आमच्या नेहमीच्या कपात ओतला. तर त्याच मागे सरल्या. "नको वहिनी, माझा कप कुठंय? आजी काय म्हणतील?" आणि त्यांनी पडवीतला तो कानतुटका कप स्वतःच्या हाताने आणला. मी ओशाळले. इतक्या वर्षांत आम्ही त्यांनाही पाठ करून ठेवलं होतं ना!

त्या दिवशी संध्याकाळी मी तो कप कचऱ्यात टाकला. सकाळी मावशींनी पडवीत शोधला, मग माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने हातातला चहा घेतला, पण उभ्यानेच प्यायल्या.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून स्वतःचा कप त्या स्वतःच विसळून निराळा ठेवतात. त्यांचं वय पंच्याहत्तर. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. लक्ष्मीबाईंनासुद्धा कुणी घाई केली नव्हती.

पण मैत्रिणींनो, तुमच्याही पडवीत असा एखादा कप असेल. पावसाळ्याआधीच्या आवराआवरीत एकदा बघून घ्या.